माझ्या नावाने दिलेला होकार

आमच्या घरात एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचं असलं की धाकट्या दिराला फोन जायचा. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं का, नळाला गढूळ पाणी आलंय तर ते उकळून तरी प्यावं का, शेजारच्या काकांना दिलेल्या गोळ्या बरोबर आहेत का. त्याने सांगितलं की विषय संपला. तो शहरातल्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाचा डॉक्टर आहे. मी लग्न होऊन पंचवटीतल्या या घरात आले तेव्हा तो आठवीत होता आणि बीजगणिताला घाबरायचा. मी शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी मी भाकरी थापायचे आणि तो ओट्याशेजारी पाटावर बसून समीकरणं सोडवायचा. चुकलं की स्वतःच खोडायचा, पुन्हा मांडायचा, पण मला आयतं उत्तर विचारायचा नाही. "वहिनी" म्हणायचा, "अहो" मात्र कधी म्हणाला नाही.

माझा नवरा ओझरच्या कारखान्यात आहे. त्या थंडीत त्याच्या पोटात अधूनमधून दुखायचं. ॲसिडिटी म्हणून तो गोळी घ्यायचा आणि कामावर जायचा. एक दिवस कारखान्याच्या बसमधून उतरताना त्याला पायरी सापडेना. दोघांनी धरून घरी आणलं. अंग तापलेलं, दात वाजत होते आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. मी दिराला फोन केला. तो म्हणाला, "रिक्षा नको, मी ॲम्ब्युलन्स पाठवतो."

पित्ताशयातला खडा घसरून नळीत अडकला होता. तिथे पू झाला आणि तो जंतुसंसर्ग रक्तात उतरला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून नळी मोकळी केली, पण तोवर ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं होतं की किडन्यांनी काम थांबवलं. पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी कोरडी होती. मी आत गेले की आधी त्या पिशवीकडे बघायचे.

मशीन लावायचं ठरलं तेव्हा दिराने मला आयसीयूबाहेरच्या बाकावर बसवून सगळं समजावून सांगितलं. "साधं डायलिसिस तीन-चार तासांत रक्त धुऊन काढतं. ज्याचं ब्लडप्रेशर धड आहे त्याला ते चालतं. दादाचं ब्लडप्रेशर आम्ही औषधांवर टिकवून धरलंय. तेवढा वेग त्याला झेपणार नाही. हे मशीन तेच काम रात्रंदिवस, सावकाश करतं. किडन्या मेलेल्या नाहीत वहिनी, झोपल्यात. त्या जाग्या होईपर्यंत हे त्यांच्या जागी काम करेल."

मी विचारलं, "जाग्या होतील?"

"बहुतेक होतील. वेळ द्यायला हवा."

मशीन चाकांवर उभं होतं, माझ्या खांद्याएवढं उंच. वर पडदा, खाली वजनकाट्यांना टांगलेल्या पाण्याच्या पिशव्या. नवऱ्याच्या मानेत एक जाड नळी घातली होती. तिच्यातून त्याचं रक्त बाहेर यायचं, वीतभर लांबीच्या एका नळकांड्यातून फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने परत अंगात जायचं. नळकांड्यात केसांहून बारीक नळ्यांचा जुडगा असतो आणि घाण तिथे गाळली जाते, असं सिस्टरने सांगितलं. गाळलेलं फिकट पिवळं पाणी खालच्या एका पिशवीत साचायचं. नवऱ्याला भूल दिलेली होती, तोंडात श्वासाची नळी होती. हात धरला तर गार लागायचा, कारण बाहेर फिरून येताना रक्त निवतं. मी घरून लोकरी मोजे आणले. सिस्टरने ते त्याच्या पायांत घातले.

भेटायची वेळ सकाळी थोडी आणि संध्याकाळी थोडी. आमची मुलगी बंगळुरूहून येऊन आठवडाभर राहिली, मग तिला परत जावं लागलं. शाळेतून रजा घेऊन मी दिवसभर त्या बाकावर बसायचे. मशीनचा आवाज मला पाठ झाला. नळी मुडपली की एक सूर, पिशवी भरली की दुसरा. काचेच्या दाराबाहेर बसूनही मला कळायचं की आता सिस्टर उठेल, पिशवी बदलेल आणि सूर थांबेल. लोकांना देवळातली घंटा ऐकून धीर येतो, मला त्या मशीनच्या गप्प होण्याने यायचा.

एका दुपारी दीर बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "वहिनी, चांगली बातमी. मशीन काढलं."

मी उठून उभी राहिले. "म्हणजे?"

"दादाचं ब्लडप्रेशर सुधारलंय. आता साधं डायलिसिस चालेल. उद्या करू."

मी रडले. त्याचा हात दोन्ही हातांत धरून रडले. तो खाली बघत होता. बिचारा थकलाय, असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, "आज घरी जा, झोप जरा." मग मी खाली गेले, समोरच्या दुकानातून पेढे घेतले आणि सगळ्यांना वाटले. सिस्टरने पेढा घेतला आणि न खाता टेबलावर ठेवला. जिन्याच्या कोपऱ्यात एक म्हातारा उकिडवा बसला होता. डोक्याला पटका, अंगावर विटलेली शाल. त्याचं कोणीतरी त्याच दिवशी आत दाखल झालं होतं. मी त्यालाही पेढा दिला. "आमच्या माणसाचं मशीन सुटलं, बाबा," मी म्हणाले. त्याने पेढा कपाळाला लावला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला अवघडल्यासारखं झालं. मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी साधं डायलिसिस सुरू केलं. अर्ध्यावर त्याचं ब्लडप्रेशर कोसळलं. काचेतून मला माणसांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्यामधून माझ्या दिराचा हात, औषध सोडताना. मशीन बंद केलं. तो सबंध दिवस आणि त्याच्या पुढचाही मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की दीर बाहेर आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "ते आधीचं परत लाव ना. हळू चालणारं."

तो म्हणाला, "त्यात बिघाड झालाय. माणूस बोलावलाय दुरुस्तीला."

त्याच वेळी आतून तो सूर आला. पिशवी भरल्याचा. मी ओळखला. "अरे, ते वाजतंय की."

"ते दुसरं आहे," तो म्हणाला. "सलाईनचा पंप."

आणि मी मान डोलावली. पिशवी भरल्याचा आणि नळी मुडपल्याचा सूर वेगळा ओळखणारी मी, माझ्या कानांनी एक सांगितलं आणि दिराने दुसरं, तर मी दिराचं खरं मानलं.

नवरा त्यातून वाचला. मग त्याला साधंच डायलिसिस, पण वेग कमी करून, जास्त तास, असं देत राहिले. श्वासाची नळी निघाली. आवाज घोगरा झाला होता. पहिलं वाक्य तो म्हणाला, "पाय गरम आहेत." मोज्यांचं म्हणत होता. काही दिवसांनी त्याला वरच्या मजल्यावर साध्या खोलीत हलवलं. लघवी अजून सुरू झाली नव्हती, एक दिवसाआड डायलिसिस चालू होतं, पण तो बसायला लागला होता, माझ्या हातची पातळ मुगाची खिचडी खात होता.

तिथेच तो म्हातारा मला भेटला. मी डबा धुवून खोलीकडे येत होते. तो भिंतीला धरून उभा होता, मला शोधतच वर आला होता. हातात कापडात बांधलेलं काहीतरी.

"बाई, तुमी डाक्टरच्या वैनी ना?"

"हो. काय झालं बाबा?"

"नागलीचं पीठ हाय. आमच्या शेतातलं. तुमी घ्या." त्याने पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि एकदम वाकला. मी मागे सरकले. "अहो, हे काय करताय?"

"माजी पोर वाचली बाई. तुमच्यानं वाचली."

मला वाटलं, माणूस ओळखण्यात त्याची चूक झाली. तसं म्हणालेही. तो मान हलवून म्हणाला, "नाय. डाक्टर बोलले ना मला. बाळंतपनात पोरीला लय रगत गेलं. पेठ गावाहून इकडं आनली तवा मुतच बंद व्हतं तिचं. डाक्टर बोलले, हिला ते हळू चालनारं मशीन पायजे, आन ते हितं एकच हाय, आन ते माज्या सख्ख्या भावाला लावलंय. मी बोललो, मंग कसं? तर ते आत गेले. थोड्या वेळानं येऊन बोलले, माज्या वैनीला इचारलं. ती व्हय म्हनली. ती म्हनली, लेकुरवाळी हाय, तिला द्या." त्याचे डोळे भरून आले. "आन मंग तुमी पेढं वाटलं. आपल्या मानसाचं मशीन काढून दुसऱ्याला दिलं, वर पेढं वाटलं. असं मानूस मी नाय पाह्यलं."

मी हातात पीठ धरून उभी होते. त्या एका मिनिटात किती गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसल्या. सिस्टरने न खाल्लेला पेढा. तो सूर. दिराची खाली गेलेली मान. आणि म्हाताऱ्याला मी काय सांगणार होते? मला कोणी विचारलंच नाही, असं? त्याच्या मुलीचा जीव चोरीचा आहे, असं?

"कशी आहे आता ती?" मी विचारलं.

"उटून बसती. बाळ घरी आज्जीपाशी हाय. तिला घरी जायाची घाई झालीया."

"जपून न्या," मी म्हणाले. "थंडी आहे."

तो जिन्याने सावकाश उतरून गेला. मी डबा आणि पीठ खोलीच्या दाराशी ठेवलं आणि खाली दिराच्या खोलीत गेले. तो काहीतरी लिहीत होता. मला बघून हसला. मी दार लावलं तसं त्याचं हसू गेलं.

"मी हो म्हणाले होते का?" मी विचारलं.

त्याने पेन खाली ठेवलं. नाटक केलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. "कोण बोललं? तिचे वडील?"

"मी म्हणाले होते का, लेकुरवाळी आहे, तिला द्या?"

"वहिनी, बस."

"मला बसायचं नाही."

तो बराच वेळ बोलला. ती मुलगी दादापेक्षा जास्त आजारी होती. दोन रुग्ण, एक मशीन, दुसऱ्या कुठल्याही हॉस्पिटलात त्या दिवशी मोकळं नव्हतं, त्याने सगळीकडे फोन केले होते. दादाची ब्लडप्रेशरची औषधं कमी करत आणली होती, दादाला साधं डायलिसिस झेपेल असं त्याला वाटलं होतं. ते चुकलं. पण पुन्हा तीच वेळ आली तर तो पुन्हा तेच करेल. "दादा माझा भाऊ नसता तर मी एवढा विचारही केला नसता. ती आली त्या क्षणीच काढलं असतं."

"हे तू मला बाकावर बसवून सांगू शकला असतास. मशीन लावताना सांगितलंस ना सगळं?"

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर?"

"तर नाही म्हणाले असते. मग तू डॉक्टर म्हणून काढलं असतंस. मी तुझ्याशी भांडले असते. पण मला माहीत असतं."

त्याने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"आणि त्या म्हाताऱ्याला माझं नाव कशाला सांगितलंस?"

आता त्याने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. "तो नको म्हणत होता, वहिनी. दुसऱ्याच्या माणसाच्या अंगावरचं काढून आमच्या पोरीला नको, पाप लागेल, म्हणत होता. त्याला समजावायला वेळ नव्हता. म्हणून म्हटलं, वहिनीनेच दिलंय."

म्हणजे म्हाताऱ्याने विचारलं होतं. कोणाच्या अंगावरचं काढताय, त्यांना विचारलंत का, हे एका अनोळखी माणसाला सुचलं होतं. ज्याला मी पाटावर बसवून शिकवलं त्याने मला विचारलं नाही, आणि वर माझ्या तोंडी एक मोठं वाक्य घालून मशीन परस्पर देऊन टाकलं.

मी खरंच हो म्हणाले असते का? आजही मला ठाऊक नाही. नवऱ्याचा तो गार हात धरून बसलेली मी बहुधा नाही म्हणाले असते. कदाचित त्या मुलीला बघून हो म्हणाले असते. माणसाच्या आयुष्यात असा प्रश्न एकदाच येतो, आणि आपण कोण आहोत ते त्यातून कळतं. माझ्या वाट्याचा तो प्रश्न दुसऱ्यानेच सोडवला.

मी वर आले. नवरा उशांना टेकून बसला होता. त्याला त्रास होईल म्हणून काही बोलायचं नाही असं मी जिन्यात ठरवलं होतं. पण त्याने माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "कळलं का तुला?"

मला आधी अर्थच लागला नाही. "काय कळलं?"

"मशीनचं."

मी खुर्चीवर बसले. "तुला माहीत होतं?"

"त्याने सांगितलं मला. आयसीयूतून बाहेर आणलं त्याच दिवशी. पाय धरून रडला माझे." तो थांबत थांबत बोलत होता, दम लागत होता. "मी म्हटलं, बरं केलंस. पोरगी वाचली ना? मीही वाचलो. झालं."

"आणि मी?"

"तुला सांगायचं म्हणत होता तो. मी नको म्हटलं."

"का?"

तो खिडकीकडे बघायला लागला. "तू त्याला कधी माफ केलं नसतंस. घरात कायमची फट पडली असती. आम्ही दोघंच तर आहोत आता."

आम्ही दोघंच. तो चुकून बोलला असेल, आजारी माणूस होता. पण मी ते ऐकलं. इतकी वर्षं या घरात मी सून होते, वहिनी होते, बायको होते, आणि घर म्हणजे ते दोघं भाऊ होते. एकाने माझ्यापासून लपवलं, दुसऱ्याने लपवून ठेवायला सांगितलं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण मला सांभाळतोय. दिराचा मला राग आला होता. नवऱ्याच्या बोलण्याने मात्र माझ्या आतलं काहीतरी निवलं, आणि ते परत तापलं नाही.

मी त्याला खिचडी भरवली. त्याच्या हातात अजून चमचा धरायची ताकद नव्हती.

पुढे त्याच्या किडन्या जाग्या झाल्या. एका सकाळी लघवीच्या भांड्यात थोडी लघवी दिसली, मग रोज जास्त. दोन डायलिसिसमधलं अंतर आधी वाढलं, मग डायलिसिसच थांबलं. मानेतली नळी काढली तेव्हा दीर स्वतः आला होता. त्याने जखमेवर कापूस दाबून धरला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, "चहा घेणार का?" तो हो म्हणाला. मी खाली जाऊन चहा आणला. एवढंच.

आता नवरा पुन्हा कामावर जातो, हलकं काम दिलंय. मीठ मोजून, पाणी सांगितलं तेवढं. दीर दर रविवारी येतो. पूर्वी यायचा त्यापेक्षा जास्त वेळा येतो आणि मला सगळं सांगतो, न विचारता. कुठल्या गोळीचा डोस का बदलला, कुठला आकडा कुठे गेला, त्याच्या हॉस्पिटलात दुसरं मशीन कधी येणार. मी ऐकून घेते. तो खरंच बोलत असेल. एकदा म्हणाला, "ती पेठची मुलगी तपासणीला आली होती. बाळाला घेऊन. तुझी आठवण काढत होती." मी विचारलं, "माझी की तू सांगितलेल्या वहिनीची?" नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि परत वर धरलं.

त्या म्हाताऱ्याने दिलेल्या पिठाच्या भाकरी मी केल्या होत्या. फेकून द्यायला हात होईना. त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. ती जगली हे चांगलंच झालं, हे मी कुणालाही सांगेन. फक्त त्यात माझा वाटा नाही.

परवा नवऱ्याचा महिन्याचा रिपोर्ट आला. दिराने फोनवर पाहिला आणि म्हणाला, "उत्तम आहे वहिनी, आणखी सुधारलंय." मी बरं म्हणाले. संध्याकाळी शाळेतून सुटल्यावर मी दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेले. ते आम्हाला ओळखत नाहीत. रिक्षा, दुचाकी आणि भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत चालत गेले, नंबर लावून बसले आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून आकडे बघितले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "सुधारणा आहे. तुमचे नेहमीचे डॉक्टर काय म्हणाले?"

"हेच म्हणाले," मी सांगितलं.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठले. घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "उशीर झाला?" मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आले म्हणाले. थोड्या वेळाने उठून त्याने स्वतःच ताटं घेतली.